आचार्य जगदीशचंद्र बसू व त्यांची घरगुती उपकरणे

गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रशालेच्या विज्ञानगृहात इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने एक लाकडी पेटी आणून ठेविली. पेटीच्या पुढील अंगास दोन वाटोळी भोके पाडून त्यांत मोडीत निघालेल्या एका मोटारीचे दोन स्पीकर बसविले होते. मधोमध त्याच मोटारीतील जुना रेडिओसंच, आत १२ व्होल्टची बॅटरी, आणि वर उचलून नेण्यासाठी एका टाकाऊ ट्रंकेची कडी. मोटारीतील यंत्रे १२ व्होल्टवरच चालावयाची असल्यामुळे घरच्या विजेची गरज पडत नाही, हे त्याने बरोबर हेरले होते. संचाची पिवळी तार बॅटरीस कायमची जोडली होती, तांबडी बटणातून घेतली होती, आणि काळी ऋण टोकास बांधली होती. बॅटरीच्या अगदी लगत फ्यूज बसविण्यासही तो विसरला नव्हता. पेटीचे सर्व सांधे त्याने सरस व भुसा भरून बुजविले होते. स्पीकरच्या पाठीमागून निघणारा आवाज फटींतून पुढे आला म्हणजे तो पुढील आवाजास मारतो आणि तबल्याचा खर्ज ऐकूच येत नाही, असे त्याने आम्हांस समजावून सांगितले. बटण दाबताच पेटी उत्तम वाजू लागली.

वर्गातील काही मुलांनी मात्र नाके मुरडली. स्पीकर दुसऱ्याने केलेले, संच दुसऱ्याने केलेला, बॅटरी दुकानातली. मग याने केले काय, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे त्या मुलाचे वडील भेटावयास आले असता त्यांच्याही बोलण्याचा सूर थोडाबहुत असाच निघाला. परीक्षा तोंडावर असता मुलगा गॅरेजातील भंगार चिवडीत बसतो, याचे त्यांस दुःख होत होते, आणि ते दुःख आम्हांस अगदीच निराधार वाटले नाही. त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही. पत्रा, ताग व रेल्वेचे वेळापत्रक यांपासून उपकरणे करून ज्यांनी साऱ्या जगाच्या शास्त्रज्ञांस चकित केले, त्या आचार्य जगदीशचंद्र बसू यांचे चरित्र आम्ही येथे देत आहोत. आमचे उत्तर त्यात आले तर येईल.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. हा प्रदेश आता बांगलादेशात आहे. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी न्यायाधिकारी असून ब्राह्मसमाजाचे अनुयायी होते. त्या काळी सरकारी अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी आपल्या मुलास फरीदपूर येथील साध्या बंगाली शाळेत घातले. कारण मनुष्याने प्रथम स्वतःची भाषा व स्वतःचे लोक ओळखावेत असे त्यांचे मत होते. वर्गात जगदीशच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान शिपायाचा मुलगा बसे, आणि दुसऱ्या बाजूस एका कोळ्याचा. मासे, पाखरे व पाण्यातील जीव यांच्या गोष्टी ते त्यास सांगत. शाळा सुटल्यावर हे सवंगडी घरी आले म्हणजे जगदीशची आई, जुन्या वळणाची असूनही, सर्वांस सारख्याच मायेने खाऊ घाली.

त्यास शाळेत पोहोचविणारा नोकर तर एक जुना दरोडेखोर होता! भगवानचंद्रांनीच त्यास पूर्वी तुरुंगात पाठविले होते. शिक्षा भोगून तो बाहेर आला तेव्हा त्यास कोणी जवळ करीना. आता पोट कसे भरावे असे विचारीत तो त्याच न्यायाधिकाऱ्याच्या दारी आला, आणि न्यायाधिकाऱ्याने आपले मूलच त्याच्या स्वाधीन केले. तो वाटेने जगदीशला आपल्या जुन्या स्वाऱ्यांच्या हकीगती सांगे. पुढे एकदा हे कुटुंब नावेतून प्रवास करीत असता लुटारूंच्या होड्या पाठीस लागल्या. तेव्हा या नोकराने उभे राहून एक विशिष्ट आरोळी ठोकली, आणि त्या होड्या मुकाट्याने परत फिरल्या. क्षमेविषयी आम्ही रविवारी पुष्कळ ऐकतो. तिचा असा रोकडा उपयोग मात्र क्वचितच पाहावयास मिळतो.

भगवानचंद्रांची बदली वर्धमान येथे झाली. त्या प्रांतात तापाची मोठी साथ येऊन पुष्कळ मुले पोरकी झाली, तेव्हा त्यांनी आपल्या राहत्या वाड्याच्या आवारात सुतारकाम, धातुकाम व ओतकाम यांचे कारखाने काढून त्या मुलांस धंद्याला लावले. लहानग्या जगदीशचे मन या कारखान्यांत रमे. तेथील कारागिरांकडून त्याने पितळेची एक लहानशी तोफ ओतवून घेतली होती, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. रंधा, कानस व भाता यांची ओळख त्या वयात झाली, ती पुढे जन्मभर उपयोगी पडली.

वयाच्या अकराव्या वर्षी जगदीश कलकत्त्यास आला. प्रथम हेअर स्कूल व नंतर सेंट झेवियर्स ही शाळा त्याने पाहिली. खेड्यातून आलेला, इंग्रजी धड न बोलणारा हा मुलगा तेथील गोऱ्या मुलांच्या थट्टेचा विषय झाला. परंतु पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात त्यास फादर लाफाँ हे गुरू लाभले. बेल्जियम देशातून आलेले हे जेसुइट धर्मगुरू पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते, आणि प्रयोग करून दाखविण्यात त्यांचा हातखंडा होता. फळ्यावर सिद्धांत लिहून ते थांबत नसत. यंत्र टेबलावर मांडीत, चालवून दाखवीत, आणि न चालल्यास का चालले नाही हेही दाखवीत. हे शेवटचे आम्हां शिक्षकांस फार कठीण जाते, म्हणून मुद्दाम लिहिले. जगदीशचंद्रांस पदार्थविज्ञानाची गोडी लागली ती फादर लाफाँ यांच्यामुळेच.

इ. स. १८८० मध्ये ते वैद्यकी शिकण्यास लंडनला गेले. परंतु आसामात जडलेल्या तापाने त्यांची पाठ सोडली नाही, शवविच्छेदनगृहातील हवेने तो अधिकच बळावला, आणि वैद्यकी सोडावी लागली. तद्नंतर त्यांनी केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखा गुरू मिळाला. १८८४ मध्ये केंब्रिज व लंडन या दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या घेऊन ते पुढील वर्षी स्वदेशी परतले.

आता जो प्रसंग सांगावयाचा तो पालकांनीही लक्ष देऊन वाचावा. जगदीशचंद्रांस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाची जागा मिळाली. परंतु त्या वेळी नियम असा होता की, त्याच कामासाठी युरोपियनास जो पगार मिळे त्याच्या दोनतृतीयांश हिंदी मनुष्यास द्यावयाचा. शिवाय नेमणूक हंगामी म्हणून त्याचाही निम्मा! म्हणजे पूर्ण कामाबद्दल एकतृतीयांश वेतन. जगदीशचंद्रांनी भांडण केले नाही, राजीनामाही दिला नाही. ते रोज वेळेवर जाऊन शिकवीत आणि पगार मात्र घेत नसत. असे एक-दोन महिने नव्हे, तीन वर्षे चालले. हे घरचे गर्भश्रीमंत होते असे कोणी समजू नये. वडिलांनी लोकहिताचे जे उद्योग काढले होते ते बुडाले होते, आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. याच काळात, १८८७ मध्ये, त्यांचा अबलादेवींशी विवाह झाला. बिनपगारी अध्यापकाचा संसार या बाईंनी कसा चालविला असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. शेवटी कॉलेजच्या चालकांस त्यांची योग्यता पटली, नेमणूक कायम झाली, आणि तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी हाती पडला. तो त्यांनी वडिलांचे कर्ज फेडण्यात घातला.

३० नोव्हेंबर १८९४ या आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी त्यांनी संशोधनास वाहून घेण्याचा निश्चय केला. त्या काळी हा विषय अगदी ताजा होता. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने काही वर्षांपूर्वी विजेच्या ठिणगीपासून अदृश्य लाटा निघतात हे सिद्ध केले होते. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी हर्ट्झ अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारला होता. या लाटा प्रकाशासारख्याच परावर्तन पावतात व वळतात, हे दाखविण्यासाठी त्यास डांबराचा दीड मीटर उंचीचा अवजड लोलक करावा लागला होता. कारण लाट जितकी लांब तितके उपकरण मोठे. जगदीशचंद्रांनी उलट विचार केला. उपकरण मोठे करण्यास जागा नाही व पैसाही नाही. तर लाटच लहान केली तर? त्यांनी ती इतकी लहान केली की, हर्ट्झच्या लाटा जेथे हातांनी मोजाव्या लागत तेथे यांच्या लाटेची लांबी ५ मिलिमीटरवर आली. मग सारे यंत्र टेबलावर मावू लागले, व उचलून दुसरीकडे नेता येऊ लागले.

हे काम कोठे झाले? कॉलेजातील एका अडगळीसारख्या चिंचोळ्या खोलीत. मदतीस कोण? शास्त्राचा गंधही नसलेला एक पत्र्याचे काम करणारा कारागीर. जगदीशचंद्र आकृती काढीत, आणि हा पत्रेवाला ती कापून, वळवून, डाक लावून देई. लाटा इकडेतिकडे न पसरता सरळ जाव्यात म्हणून त्यांनी त्या पोकळ नळीतून सोडल्या व नळीच्या तोंडास नरसाळे बसविले. आजच्या अभियांत्रिकीत ही नळी व हे नरसाळे मोठ्या नावांनी ओळखले जातात. तेव्हा ती पत्रेवाल्याच्या हातची साधी वस्तू होती.

लाट आली हे ओळखावयाचे कसे, हा खरा बिकट प्रश्न. तोपर्यंत काचेच्या नळीत लोखंडाचा कीस भरीत. लाट आदळली की कीस एकमेकांस चिकटे व त्यातून वीज वाहू लागे. परंतु प्रत्येक वेळी नळीस टिचकी मारून कीस सुटा करावा लागे, आणि तो आज एक तर उद्या दुसरेच सांगे. जगदीशचंद्रांनी कीस टाकून दिला व त्याच्या जागी पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा ओळीने बसवून त्यांवरचा दाब स्क्रूने कमीजास्त करण्याची सोय केली.

या लाटांची स्पंदने एकाच पातळीत चालावीत यासाठी विशिष्ट जाळी लागते. ती विकत कोठून आणणार? जगदीशचंद्रांनी ब्रॅडशॉ या नावाचे रेल्वेचे जाडजूड वेळापत्रक घेतले आणि त्याच्या पानापानांत कथलाचा पातळ वर्ख घातला. झाली जाळी! ज्या ग्रंथात सामान्य माणूस गाडीची वेळ शोधतो त्यातून या गृहस्थाने विद्युल्लता गाळून घेतली. पुढे साखरेच्या पाकातून जाताना प्रकाशाची पातळी का फिरते, याचा विचार करिताना त्यांनी बंगालच्या शेतातला ताग घेतला, त्याच्या जुड्यांस पीळ दिला, आणि त्यांतून लाटा सोडल्या. उजवा पीळ दिला की पातळी एकीकडे फिरे, डावा दिला की दुसरीकडे. आमच्या टीकाकार विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. ताग जगदीशचंद्रांनी निर्माण केला नव्हता, आणि वेळापत्रकही त्यांनी छापले नव्हते.

१८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. एका खोलीतून निघालेल्या लाटा मधल्या भिंती भेदून सुमारे ७५ फुटांवरील खोलीत गेल्या, आणि तेथे तारेवाचून घंटा वाजली, पिस्तूल उडाले व दारू पेटली. वाटेत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर साहेब उभे होते. लाटा त्यांच्या स्थूल देहातूनही आरपार गेल्या व त्यांस कळलेही नाही. १८९६ मध्ये जगदीशचंद्र आपली उपकरणे घेऊन विलायतेस गेले. लिव्हरपूल येथे भाषण झाल्यावर वृद्ध लॉर्ड केल्विन लंगडत वर सज्जात गेले आणि तेथे बसलेल्या अबलादेवींचे त्यांनी स्वतः अभिनंदन केले. तीन वर्षांच्या त्या बिनपगारी संसाराचा खरा मुशाहिरा त्या दिवशी पोहोचला, असे आम्हांस वाटते. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, जेथे एके काळी फॅरेडे व्याख्याने देत असत, तेथे त्यांचे व्याख्यान झाले.

याच सुमारास इटलीचा तरुण मार्कोनी बिनतारी संदेश दूर पाठविण्याच्या खटपटीत होता. १२ डिसेंबर १९०१ रोजी त्याने अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संकेत टिपला. त्या वेळी वापरलेले ग्राहक यंत्र पाऱ्याच्या थेंबाचे होते. ते त्यास इटलीच्या आरमारातील एका अधिकाऱ्याकडून मिळाले होते. याच जातीचे, लोखंड व पारा यांचे टेलिफोनसह वापरावयाचे यंत्र जगदीशचंद्रांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडलेले होते. यावरून कित्येक जण मार्कोनीस चोर ठरवितात. आमच्या मते हे न्यायाचे नव्हे. मार्कोनीनेही अनेकांच्या हातचे भाग जुळवून समुद्र ओलांडला, आणि जुळविणे हेही कामच आहे. मात्र ज्याचा भाग घेतला त्याचे नाव सांगावे, एवढे कर्ज जुळविणाऱ्यावर राहते. ते कर्ज जगाने पुष्कळ वर्षे फेडले नाही.

जगदीशचंद्रांनी स्वतः त्याची वसुली केली नाही. १९०१ मध्ये लंडनला असता एका तारायंत्र कंपनीचा मालक त्यांच्याकडे आला, आणि शोधाचे हक्क नोंदवून नफ्यात भागीदार होण्याची गळ घालू लागला. त्यांनी नकार दिला. ज्ञानाचा व्यापार करणे त्यांस रुचत नव्हते. सारा बुल या अमेरिकन बाई व भगिनी निवेदिता यांनी फार आग्रह धरिला तेव्हा एका ग्राहक यंत्राचे अमेरिकन पेटंट त्यांच्या नावे घेण्यात आले. ते २९ मार्च १९०४ रोजी मंजूर झाले, परंतु त्यांनी त्याचा लाभ उठविला नाही. हे यंत्र म्हणजे गॅलेना या शिशाच्या खनिजाचा खडा व त्यास टेकलेले धातूचे टोक. अशा सांध्यातून वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने जात नाही. त्यामुळे आकाशातून आलेल्या लाटेचे कानास ऐकू येईल अशा प्रवाहात रूपांतर करिता येते. पुढे घरोघरी ज्या खड्याच्या रेडिओवर लोकांनी गाणी ऐकली, त्यांचे बीज यात होते.

येथे एक गैरसमज होऊ नये. जगदीशचंद्रांनी नफा नाकारला यावरून गरिबाने मजुरी मागू नये असा अर्थ कोणी काढील. परंतु हेच गृहस्थ हक्काच्या पगारातील एक पैही कमी घेण्यास तीन वर्षे तयार झाले नव्हते. जे आपले ते पुरते मागावे, आणि जे सर्वांचे वाटते त्यावर कुंपण घालू नये, असा भेद त्यांच्या मनात असावा. त्यांच्या या दुसऱ्या निर्णयाने आपल्या देशाचे नुकसानही झाले असेल. याविषयी आमचे स्वतःचे मन अजून निश्चित होत नाही.

पुढे त्यांचे लक्ष वनस्पतींकडे वळले. धातू, वनस्पती व प्राणी आघातास कसे उत्तर देतात याचा त्यांनी तुलनात्मक अभ्यास केला. रोपाची क्षणाक्षणाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखविणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्रही त्यांनी हिंदी कारागिरांकडूनच करवून घेतले. त्यांच्या या कार्यास विलायतेतील शरीरशास्त्रज्ञांनी कडवा विरोध केला, आणि त्यांची सर्वच अनुमाने पुढील शास्त्राने स्वीकारलेली नाहीत. १९१७ मध्ये त्यांस सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर स्थापिले, आणि तेथील शोधांवर कोणाची खाजगी मालकी असू नये असा दंडक घातला. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे देहावसान झाले. वयास एकोणऐंशी वर्षे पुरी होण्यास अवघे सात दिवस उरले होते.

त्यांची उपकरणे त्या विज्ञान मंदिरात जतन केलेली आहेत. त्यांच्या त्या तोकड्या लाटांस पुढे कित्येक वर्षे कोणी विचारीत नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील एका मोठ्या रेडिओ दुर्बिणीसाठी नवा ग्राहक रचताना तेथील शास्त्रज्ञांनी जगदीशचंद्रांच्या जुन्या लेखांतील काही कल्पना पुन्हा कामास लावल्या. २०१२ मध्ये जगातील विद्युत् अभियंत्यांच्या आयट्रिपलई या संस्थेने त्यांच्या प्रयोगांची ऐतिहासिक टप्पा म्हणून नोंद केली.

वरील पेटी मुलाने घरी नेली आहे. परीक्षेपर्यंत ती कपाटावर राहील व रोज संध्याकाळी अर्धा तास वाजेल, असा करार बापलेकांत आमच्या समक्ष झाला. आमच्या विज्ञानगृहातील खनिजांच्या कपाटात गॅलेनाचा एक चकचकीत खडा पुष्कळ वर्षे चिठ्ठी लावून पडलेला होता. तो आम्ही त्या मुलास, आणि त्याच्या पेटीस नाके मुरडणाऱ्या दोघांस, मिळून दिला आहे. सोबत तांब्याची तार, एक टाचणी व जुना कर्णफोन. अंक छापावयास जाईपर्यंत खडा बोललेला नाही. टाचणी कोठे टेकवावी यावरून तिघांत वाद चालू आहे.